मुदत नसलेलं कार्ड

४ फेब्रुवारी

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. सध्या वाकताना पाय कुरकुरतो, तेव्हा अर्धा आज घे आणि अर्धा भेटीत.

आईकडून तिखटमीठ लावलेली बातमी तुझ्यापर्यंत पोहोचेल, त्याआधी माझ्याकडून साधी ऐक. एका मोठ्या ग्रंथालयाच्या नकाशा विभागात मला बोलावलंय. नुसती कारागीर म्हणून नाही, दुरुस्तीच्या खोलीची प्रमुख म्हणून. अडीचशे वर्षांचे नकाशे, घड्यांवर फाटलेले, वाळवीने चाळण केलेले, आणि त्या सगळ्यांवर माझा हुकूम. शहर मात्र दुसरं, इथून गाडीने नऊ तासांवर. उत्तर अठ्ठावीस तारखेपर्यंत द्यायचंय आणि मी नाही म्हणणार आहे.

कारण विचारशील. आई एकटी पडेल. बाबा आहेत, पण बाबा म्हणजे वर्तमानपत्राला फुटलेले दोन पाय. शिवाय इथे माझं बरं चाललंय. आमची तळघरातली कागददुरुस्तीची खोली तू पाहिलीस. खिडकी एकच, तिच्यावर काळा पडदा, कारण जुन्या कागदाला ऊन चालत नाही. मलाही चालत नाही. आमचं दोघांचं छान जमतं.

जाता जाता एक सहज विचारते. माझी एक मैत्रीण आहे. लहानपणी तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता, त्यातून ती बरी झाली. आता तिच्या डाव्या पायाची नळी दुखते, जिना उतरताना जास्त. पहिल्या वेळीही सगळं पायापासूनच सुरू झालं होतं म्हणे. तर असं दुखणं पुन्हा आलं की त्याचा अर्थ एकच असतो का? तुझी एकतीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत गेली, तुला माहीत असेल. घाई नाही.

या मैत्रिणीबद्दल आईकडे बोलू नकोस.

तुझा
फुगा


९ फेब्रुवारी

चि. फुग्यास,

आशीर्वाद आहेतच, पण ते मागच्या पानावर. पुढच्या पानावर आज राग आहे.

तुझ्या या मैत्रिणीचे गाल सात वर्षांची असताना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी एवढे फुगले होते का, की तिच्या मावशीने तिचं नाव फुगा ठेवलं? मग मी ओळखते तिला. पोरगी हुशार आहे, पण थाप मारताना तिचे कान लाल होतात. ते मला इथे बसून दिसले.

फोन करणार होते, केला नाही. तुझा फोन वाजला की ताई शेजारी येऊन बसते, आणि मला हळू बोलता येत नाही हे आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेला माहीत आहे. शिवाय बोललेलं हवेत जातं. माझा भरवसा कागदावर. परवाच एका बड्या डॉक्टरांकडून तारीख न घातलेली रक्ताची बाटली आली. मी तशीच परत पाठवली. त्यांचा फोन आला, 'अहो बाई, एवढ्यासाठी?' म्हटलं, हो, एवढ्यासाठीच. कधीचं रक्त हे कळल्याशिवाय मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत नाही. तारीख नसलेला नमुना माझ्या लेखी कचरा.

म्हणून आता तारखांसकट उत्तरं दे. कधीपासून दुखतंय? आडवी झाल्यावर दुखतं की पाय टेकल्यावर? ताप येतो का, वजन उतरलंय का, अंगावर निळे डाग दिसतात का? दर वर्षीची तपासणी शेवटची कधी केलीस? आणि उन्हात शेवटची कधी बसली होतीस? शेवटचा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नाही.

हाड दुखण्याचे अर्थ छप्पन्न असतात. पण निकाल हातात आल्याशिवाय मी कुणाला धीर देत नाही आणि घाबरवतही नाही. तूही स्वतःला घाबरवू नकोस, ते काम तुझ्या आईने घेतलेलं आहे.

मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशी,

पकडलंस. कान अजून लाल आहेत.

दुखणं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. पाय टेकला की दुखतं, आडवी झाले की थांबतं. ताप नाही. वजन जिथल्या तिथे. डाग नाहीत, मी रोज आरशात बघते, आणि रोज बघते यावरून समज माझी काय अवस्था आहे ती.

तपासणीचं खरं सांगते, ओरडू नकोस. तीन वर्षं झाली. आईला वाटतं मी जाते. मी जातेच, दारापर्यंत. तिथला तो फरशीचा वास आला की माझं वय चोवीसवरून सातवर येतं आणि मी उलट्या पावली निघते. बाहेर बाकावर तासभर बसते आणि घरी येऊन सांगते, सगळं ठीक. तीन वर्षं ते खरंही होतं.

आता ऊन. मावशी, तू असं विचारतेस जसं काही तुला आमचं घर माहीत नाही! आमच्याकडे ऊन वर्ज्य आहे. माझ्या खोलीला दुहेरी पडदे. बाहेर पडताना लांब बाह्या, टोपी, आणि आई बरोबर असली तर छत्रीही. शाळेत खेळाच्या तासाला मी वर्गात बसून वह्यांना कव्हरं घालायचे, तिथेच हा कागदाचा नाद लागला. कधी कुरकुर केली तर आई स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडायची. दाराच्या आतल्या बाजूला ते कार्ड आहे ना, दवाखान्यातून घरी आलो तेव्हाचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'उन्हात अजिबात नेऊ नये.' आई त्यावर बोट ठेवायची. विषय संपला. सतरा वर्षं ते बोट तिथेच आहे.

तपासायला मी जाणार नाही. निकाल वाईट आला तर आईचं पुन्हा तेच सुरू होईल, आणि मला ते बघवणार नाही. नोकरीला नकार द्यायचं पत्र टाइप करून खणात ठेवलंय. निदान तिथे जाऊन आजारी पडले असं तरी होणार नाही.

फुगा


१९ फेब्रुवारी

चि. फुगा,

आज आशीर्वाद नाहीत. आज फक्त राग आहे, आणि तो तुझ्यावर कमी.

सतरा वर्षं! अगं, ती उन्हाची बंदी सहा महिन्यांची होती. तेव्हाच्या औषधांनी कातडी भाजायची, डोक्याला किरणं दिलेली, म्हणून डॉक्टर म्हणाले होते सहा महिने जपा. माझ्यासमोर म्हणाले. मी तिथे दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते, माझ्या या कानांनी ऐकलंय. आणि इथे सहा महिन्यांची सतरा वर्षं झाली! कुठल्या शहाण्याने लिहिलं ते कार्ड? मुदत न घालता नियम लिहितात का कुणी? कुणी तरी नवखी नर्स असणार. समोर आण तिला, कान उपटते की नाही बघ. आणि ताईला मी काय म्हणू! तिला एकदा तरी कुणाला विचारावंसं वाटलं नाही?

आता नीट ऐक. टेकल्यावर दुखतं, आडवं झाल्यावर थांबतं, ताप नाही, डाग नाहीत. यावरून मी पैज लावायला तयार आहे, पण पैज लावून चालत नाही, म्हणून तपासायचं. तुझ्यासारखी लहानपणी कॅन्सरमधून उठलेली माणसं आमच्याकडे तपासणीला येतात. त्यांच्यात कितीतरी जणांचं व्हिटॅमिन डी कमी निघतं. धडधाकट माणसांचंही निघतं, नाही असं नाही. पण त्यांच्या हाडांनी स्टेरॉइड सोसलेलं नसतं, तुझ्या हाडांनी सोसलंय. डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत जातच नाही, वाटेतून परत फिरतं. त्यात तू तळघरात, काळ्या पडद्याआड, लांब बाह्यांत. तुझ्या हाडांनी तक्रार करू नये तर काय गाणं म्हणावं?

सोबत चिठ्ठी जोडली आहे. त्यातल्या तपासण्या करायला सांग. पण आधी डॉक्टरांना भेट. लहान मुलांच्या विभागात जाऊ नकोस, बऱ्या झालेल्या मोठ्या माणसांसाठी वेगळी खोली असते, तिसऱ्या मजल्यावर वगैरे. तिथे फरशीचा वास नसतो. मी चौकशी केली.

दार आलं की आत जा. बाकावर बसायचं नाही. मावशी मागे उभी आहे असं समज, आणि मी मागे उभी असले की माणसं पुढे सरकतात.

मावशी


२६ फेब्रुवारी

ती. मावशी,

पूर्ण नमस्कार. वाकले, दुखलं, तरी घातला.

पान उलटून बघ. हे पत्र मी नकाराच्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. 'आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, परंतु' असं जिथे आहे ना, त्याच्या बरोबर मागे मी तुला सांगतेय की मी होकार कळवला. एक एप्रिलला रुजू व्हायचं.

आता निकाल, तुझ्या पद्धतीने, तारखेसकट. तेवीसला गेले. दारात पाय अडखळला. मागे तू होतीस, गेले आत. रक्तातल्या पेशी सगळ्या जागच्या जागी, एकही आगाऊ नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघून सांगितलं, ते दुखणं परतलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं एवढं मोठं निघालं की मी तिथेच ढसाढसा रडले. एक्स-रेमध्ये नळीच्या हाडाला केसाएवढी चीर आहे. आणि व्हिटॅमिन डी सात. सात, मावशी! तीसच्या वर हवं म्हणे. बाई कागदाकडे बघून म्हणाल्या, 'तुम्ही काय गुहेत राहता का?' मी म्हटलं, तळघरात.

आठ आठवडे जोरदार डोस, कॅल्शियम, सहा आठवडे पायाला विश्रांती, चार महिन्यांनी पुन्हा रक्त. आणि रोज थोडं ऊन, हात उघडे टाकून. डोक्याला किरणं दिलेली असल्याने टोपी मात्र कायम. 'उन्हात जाऊ नका असं कुणी सांगितलं होतं?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरची पद्धत आहे.

एक विनंती. त्या कार्ड लिहिणारीचे कान राहू देत. जुनी गोष्ट आहे. आणि आईलाही काही बोलू नकोस. मी माझ्या पद्धतीने सांगेन.

फुगा


३ मार्च

चि. फुग्यास,

आशीर्वाद, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, कागद पुरेल तेवढे.

पेशी जागेवर आहेत हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला मिठी मारली. तिच्या हातात भरलेली बाटली होती. सांडली नाही. सात हा आकडा वाईट, पण हा असा वाईट आकडा आहे की ज्याला औषध आहे. आयुष्यभर मी दुसऱ्या जातीचे वाईट आकडे बघत आले. त्यांच्यापुढे तुझा सात म्हणजे लाडकं पोर.

तुझी विनंती वाचली, पण पाळता आली नाही. काल ताईला फोन केला. अर्धा तास बोलले. मनात सतरा वर्षांचं होतं ते सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तू पोरीला जपलं नाहीस, कोंडून ठेवलंस. तिच्या हाडाला चीर पडली ती तुझ्या पडद्यांमुळे. एका फालतू कार्डाच्या आधारावर तू तिचं लहानपण सावलीत वाळवलंस. ती एक शब्द उलट बोलली नाही. नुसतं 'बरं' म्हणत राहिली. मला वाटलं होतं भांडेल. म्हणजे चूक पटली असणार. आता बघ, सगळं सुरळीत होईल.

नकाशांच्या खोलीला खिडकी आहे का, ते कळव.

मावशी


८ मार्च

मावशी,

तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते, पाय स्टुलावर ठेवून. तुझा आवाज मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, तुला हळू बोलता येत नाही. आई कपाटाचं दार उघडून उभी होती. कार्डाकडे बघत होती आणि 'बरं' म्हणत होती. अकरा वेळा म्हणाली. मग फोन ठेवला आणि मला म्हणाली, 'मावशीचं बरोबर आहे.' तेव्हापासून ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलते. काल म्हणाली, 'तू जा त्या गावाला. सतरा वर्षं अंधारात ठेवलं, आता आणखी कशाला माझ्याजवळ राहतेस?' तू सांग, हे ऐकून माझी बॅग कशी भरायची? मी ग्रंथालयाला कळवणार आहे की मला जमणार नाही. आईला या अवस्थेत सोडून मी जाणार नाही, मग पाय सोन्याचा झाला तरी.

हे पाकीट जाड लागलं असेल. आत कार्ड आहे. पाठवायचं नव्हतं. पण तू फोन केलास, आता इलाज नाही.

मी दिवसभर जुन्या कागदांवरची अक्षरं बघते. कोणाचा हात कुठला, हे ओळखणं माझं कामच आहे. तुझं एकोणीस तारखेचं पत्र आलं, त्यात तू कार्ड लिहिणाऱ्या शहाणीबद्दल लिहिलं होतंस. मी हसत हसत ते पत्र कपाटाच्या दारापाशी धरलं, ती शहाणी कोण असेल बघावं म्हणून. मग हसू थांबलं. सात ओळी आहेत, मावशी. शिरोरेषा आधी ओढून मग अक्षरं टांगायची सवय मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

आईला विचारलं, 'तुला माहीत होतं?' ती म्हणाली, 'पहिल्या दिवसापासून.' म्हटलं, मग फोनवर बोलली का नाहीस? तर म्हणते, 'तिला नको सांगूस. त्या दिवशी मला पेन धरता येत नव्हतं. डॉक्टरांशी तीच बोलली, औषधं तिनेच आणली, लिहून तिनेच दिलं. तिचं एवढं एक राहिलं, तर राहू दे माझ्या नावावर.'

मी तुझ्यावर रागावलेली नाही. आईवर तू ओरडलीस त्याचा मात्र राग आला आहे, तो खरा आहे आणि मी तो लपवणार नाही.

फुगा


१४ मार्च

चि. फुग्यास,

कार्ड मिळालं. प्लास्टिकमधून काढून मी ते टेबलावर दिव्याखाली ठेवलं, एखाद्या नमुन्यासारखं. अक्षर माझंच आहे. तारीख नाही. मुदत नाही. दुसऱ्या कुणाकडून आलं असतं तर परत पाठवलं असतं.

मला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं, हे खरं आहे. पण हातात घेतल्यावर सगळं आठवलं, आणि तुला ते सांगणं भाग आहे. कारण 'विसरून राहिलं' असं म्हणून मी सुटू शकते, आणि ते खोटं होईल.

मुदत विसरून राहिली नाही. मी ती लिहिली नाही.

त्या आठवड्यात तुझी हाडातल्या मज्जेची स्लाइड माझ्याच टेबलावर आली होती. नात्यातल्या माणसाची स्लाइड बघू नये असा आमच्याकडे नियम आहे, मी बघितली. तिच्यात मला काही पेशी दिसल्या, ज्या तिथे असायला नको होत्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, 'औषधांनंतर मज्जा नव्याने भरत असते तेव्हा अशा कोवळ्या पेशी दिसतात, काळजी करू नका.' मी मान डोलावली आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चौदा वर्षांचा माझा अनुभव, मला वाटलं, हे नातेवाइकांची समजूत काढतायत. मग व्हरांड्यात ते नियम सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पाणी उकळून. गर्दीत नको. उन्हात नको. सात झाले. शेवटी म्हणाले, 'हे सगळं सहा महिने.' माझं पेन तिथे टेकलेलं होतं. कार्डावर बघ, सातव्या ओळीखाली शाईचा एक ठिपका आहे.

मला वाटलं नव्हतं तू सहा महिने काढशील. ते शब्द लिहिले असते तर ताईने कॅलेंडरवर खूण केली असती, आणि त्या खुणेपर्यंत तू पोहोचली नसतीस तर? मी पेन उचललं, टोपण लावलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. मनात म्हटलं, मुदत नंतर सांगू. नंतर तू बरी होत गेलीस, आणि मी तो व्हरांडाच डोक्यातून काढून टाकला. माणूस स्वतःच्या सोयीचं किती छान विसरतो!

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या हाडातली चीर माझ्या पेनाची आहे, ताईच्या पडद्यांची नाही. मला तुझी माफी मागायची आहे आणि मी ती सरळ मागते. ताईला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात हे सगळं आहे, आणि फोनवर बोललेला शब्द न् शब्द परत घेतला आहे.

ग्रंथालयाला काही कळवू नकोस. ताईचं उत्तर येईपर्यंत थांब, एवढं माझं ऐक. हक्क उरला असेल तर.

मावशी


२० मार्च

धाकटे,

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी रडू आलं, चौथ्या वेळी राग आला. तू एवढी वर्षं ते एकटीने पोटात ठेवलंस याचा.

आता माझं ऐक. मुदत लिहायची राहिली हे घरी आल्यावर आठवड्याच्या आत माझ्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांना विचारता आलं असतं. तुला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मुदत असती तर मी दिवस मोजत बसले असते, आणि दिवस मोजायला मला भीती वाटत होती. मुदत नव्हती म्हणूनच मला ते कार्ड आवडायचं. मला वाटायचं, हे नियम चालू आहेत तोवर ते पाळायला माझी पोर आहे. म्हणून मी ते प्लास्टिकमध्ये घातलं. तेव्हा निम्मी चूक माझी आहे, ती मला दे. सगळं स्वतःकडे ओढून घ्यायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

तिच्या खोलीचे पडदे काढून धुतले. बाहेरची बाजू विटून पांढरी पडली आहे, आतली नवीकोरी निळी. परत लावले नाहीत. काल तिला गच्चीवर घेऊन गेले. सवयीने छत्री उघडली, मग तिच्याकडे बघितलं आणि मिटली. वीस मिनिटं बसलो. ती टोपी घालून, बाह्या वर करून, डोळे मिटून. तिच्या कोपरावर एक तीळ आहे. मला आठवतच नव्हता.

तिला सांगितलं, जा. या वेळी तोंड पाडून नाही सांगितलं. बॅग मीच भरतेय, कारण तिला घड्या फक्त कागदाच्या येतात.

पुढच्या रविवारी ये. ओरडायचं असेल तर समोर बसून ओरड.

ताई


२ जुलै

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार, पूर्ण, न कण्हता.

खोलीला खिडकी आहे. मोठी, उत्तरेकडची. नकाशांवर ऊन येत नाही, पण उजेड भरपूर. अकरा वाजता चहाची सुट्टी होते तेव्हा मी मागच्या अंगणातल्या बाकावर बसते, टोपी घालून, बाह्या कोपरापर्यंत सारून. हाताखालचे लोक म्हणतात, प्रमुखबाई घड्याळ लावून ऊन खातात. आई रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, 'बसलीस का?' अजिबात बदललेली नाही ती, फक्त वाक्य उलटं झालंय.

निकाल, तारखेसकट. तीस जूनला रक्त दिलं. व्हिटॅमिन डी एकोणचाळीस. चीर भरली. पेशी जागेवर. तपासणीच्या दारातून मी एकटी आत गेले, मागे कुणी नव्हतं. तुला वाईट वाटू देऊ नकोस.

मार्चमध्ये तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, रविवारी भेटलो तेव्हाही त्यावर बोललो नाही. आई होती, रडारड झाली असती. आता लिहिते. एकतीस वर्षांत तुझी किती वाचनं चुकली, मला माहीत नाही. थोडी असतील. त्यातलं एक माझं होतं. तू मला सहा महिने दिले नव्हतेस आणि मी सतरा वर्षं काढून वर बढती घेतली. तुझं चुकलं याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढा दुसऱ्या कुणाच्या चुकीचा कुणाला झाला नसेल. माफीची गोष्ट पुन्हा काढायची नाही.

आता काम. ते कार्ड तू परत पाठवलंस, ते मी जपणुकीच्या पाकिटात ठेवलंय. खाली मुदत लिहून देऊ का, असं विचारलं होतंस. नको. मूळ कागदात चूक दिसली तरी आम्ही त्यावर लिहीत नाही. त्याच्यासोबत नवी चिठ्ठी जोडतो, तारीख घालून. तेव्हा ती चिठ्ठी लिहून पाठव. शिरोरेषा आधी ओढ. आणि या वेळी मुदत घाल.

तुझा
फुगा


७ जुलै

फुग्यासाठी कार्ड

लिहिणारी : मावशी

रोज थोडा वेळ उन्हात बसावं. हात उघडे, डोक्यावर टोपी.

डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चुकवू नये. जास्तही घेऊ नये.

दर वर्षी तपासणीला जावं. दारातून आत.

काही दुखलं तर मैत्रिणीचं म्हणून सांगू नये.

आईला आठवड्यातून एकदा फोन करावा आणि ती विचारायच्या आधी 'बसले' म्हणावं.

मुदत : तुला सत्तर वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर पुन्हा रक्त तपासून नवं कार्ड घ्यावं. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं लागेल, मी तेव्हा नसेन. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तोवर तुला चष्मा लागलेला असेल.